गुण्यात नसलेली खोली

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात प्रदर्शनांची मॉडेलं बनतात. वस्तू बनवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ती टेंपोत मावेल अशी कापायला आणि घोडबंदर रोडवरून न मोडता पोचवायला लागतो, हे गिऱ्हाइकाला कधीच पटत नाही. असो.

एका शाळेला विज्ञान प्रदर्शनासाठी एम्सची खोली हवी होती. अ‍ॅडेलबर्ट एम्स हा वकिली सोडून चित्रकलेकडे आणि तिथून डोळ्यांच्या अभ्यासाकडे वळलेला अमेरिकन माणूस. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ही खोली उभी केली. समोरच्या फळीतल्या भोकातून एका डोळ्याने बघितलं की साधी चौकोनी खोली दिसते, पण डाव्या कोपऱ्यातला मुलगा बुटका आणि उजव्यातला धिप्पाड. दोघांनी जागा बदलल्या की चालता चालता एक वाढतो, दुसरा आटतो.

सगळी करामत एका दोरीची आहे. भोकाच्या जागी खिळा ठोकायचा, दोरी बांधायची आणि मनातल्या सरळ खोलीच्या कोपऱ्यापर्यंत ताणायची. आता तो कोपरा त्याच दोरीच्या रेषेत कितीही मागे न्या, एका डोळ्याला तो तिथेच दिसतो. मी उजवा कोपरा ९ फुटांवर ठेवला आणि डावा दीडपट मागे, साडेतेरावर नेला. दीडपट म्हणजे सगळंच दीडपट. भिंत उजवीकडे ७ फूट, डावीकडे साडेदहा. डोळ्याच्या पातळीच्या खालचं सगळं आणखी खाली जातं, त्यामुळे जमीन डावीकडे २ फूट उतरते आणि छत वर चढतं. मागची भिंत पावणेअकरा फुटांची, पण तिची ‘मधली’ रेघ मध्यावर नाही, उजवीकडून ४ फूट ४ इंचांवर. ही रेघ काढायला मला एक अख्खा रविवार लागला आणि ती बरोबर आली याचा अभिमान मी लपवणार नाही. एवढं करून डावीकडचा मुलगा फक्त दोन तृतीयांश दिसतो, कारण तो खरोखरच तेवढा लांब उभा असतो.

मामा आमचे मिस्त्री. कुडाळकडचे, तीस वर्षं गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) आणि ओळंबा सोडून कशावर विश्वास न ठेवलेले. त्यांना मी कॉम्प्युटरचे प्रिंट दिले, मापं दिली. कशासाठी ते सांगितलं नाही. घाई होती, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रीला मापं पुरे असं मला वाटत होतं.

आदल्या रात्री नऊ वाजता शाळेच्या हॉलमध्ये जोडणी झाली. मी भोकाला डोळा लावला आणि पोटात गोळा आला. डावी खिडकी तिरपी दिसत होती, तिच्या मागोमाग अख्खी भिंत लांब पळाली. आत जाऊन बघतो तर चौकट नवी. मामांनी गाळ्यावरच आदल्या संध्याकाळी ती बदलली होती. सुंदर काम, सांध्यात कागद जाणार नाही. चारही कोन काटकोन.

“मामा, हे काय?”

“ह्यां गुण्यात नाय होता,” मामा म्हणाले. “कापताना चुकलं असेल कोणाचं तरी. लोक नावं ठेवतीत.”

मी भडकलो. पोरांसमोर नको ते बोललो. मामा गप्प राहिले. मग भोकापाशी गेले, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. भाच्याला डाव्या कोपऱ्यात उभं केलं, उजवीकडे बोलावलं, परत डावीकडे धाडलं. त्यानंतर त्यांनी भोकाची फळीच उतरवली, डोळ्याच्या जागेची खूण ठेवली आणि हातभर अंतरावर गुण्या उभा धरला. “खालची पट्टी दाब. अजून. बस, मार खिळा.” गुण्याच्या कडेला चौकट जुळेपर्यंत भाचा पट्ट्या सरकवत होता. रात्री दीडला काम आटोपलं. मी ड्रॉइंग लावून मापलं, फरक दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा. माझा रविवार गेला होता तो गेलाच.

प्रदर्शनाच्या दिवशी वेगळंच. रांग हलत नाही म्हणून शाळेतल्या कोणीतरी, मला न विचारता, भोक कापून खिडकीएवढं केलं. दोन डोळ्यांनी, मान हलवत बघितलं की खोली वाकडी आहे हे लगेच कळतं. “यात काय विशेष?” म्हणत पालक पुढे सरकत होते. मोबाइलमधून मात्र सगळं झकास दिसत होतं, कॅमेऱ्याला डोळा एकच. म्हणजे खोलीसमोर उभी राहून माणसं खोली फोनमध्ये बघत होती आणि फोन भारी आहे म्हणत होती. गर्दी सरकवण्यासाठी आपल्याकडे काहीही कापतात.

संध्याकाळी खिळे काढताना मामांनी विचारलं, “इकडून बघून खोली सरळ की वाकडी, कळायचं नाही ना?”

“नाही. एका जागेवरून एका डोळ्याला अशा कितीतरी खोल्या सारख्याच दिसतील.”

“मग खरी कुठची, ते कसं ठरवायचं?”

“आत जाऊन गुण्या लावायचा,” मी म्हणालो.

मामांनी पक्कड खाली ठेवली.

“मगे मियां काय केलंय?”