आहुप्याच्या देवराईतलं शेकरू

भीमाशंकर म्हटलं की लोकांना ज्योतिर्लिंग आणि गर्दी आठवते, पण 1985 साली अभयारण्य झालेलं हे जंगल खरं बघायचं असेल तर आहुप्याला या. घोडेगाववरून डिंभे धरणाच्या कडेकडेने रस्ता येतो आणि गावापुढे जमीनच संपते, खाली सरळ कोकण. शेकरूच्या सर्व्हेसाठी मी तिथे होते, बरोबर गावातलेच एक मामा वाटाड्या म्हणून.

शेकरू मोजायचं म्हणजे मुख्यतः घरटी मोजायची. पण एकच शेकरू बरीच घरटी बांधतं, सगळ्यांत राहत नाही, त्यामुळे चालू घरटं कुठलं आणि सोडलेलं कुठलं हे ओळखणं हेच खरं काम. मी दुर्बिणीतून पानं ताजी की वाळलेली बघत बसायचे, मामा नुसती मान वर करून सांगायचे, "ते जुनं हाय मॅडम, पुढं चला."

देवराईत शिरलो तर मधे एक भलंमोठं झाड उन्मळून पडलेलं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं असणार, पार कुजत आलेलं, पण कुणी काटकीसुद्धा उचललेली नाही कारण ते देवाचं. वर तेवढ्या जागेत आभाळ उघडं पडलेलं. पलीकडच्या हिरड्यावर खडखडाट झाला म्हणून बघितलं तर शेकरू, शेपटीसकट तीन फुटाचं सहज, दातांनी पानांची डहाळी कुरतडत होतं. डहाळी तोंडात आडवी धरून ते फांदीच्या टोकापर्यंत आलं, मला वाटलं आता उडी मारणार पण अंतर फारच होतं, तर ते वळलं आणि गारंबीच्या वेलावर उतरलं, मनगटापेक्षा जाड वेल, या झाडावरून त्या झाडावर गेलेला, त्याच्यावरून चालत आमच्या डोक्यावरून अलीकडच्या झाडात आलं आणि डहाळी घरट्यात खोचून परत त्याच वाटेने गेलं. परत आलं. परत गेलं.

मामा हळूच म्हणाले, "गारंबी तोडली असती तर ते हिकडं आलंच नसतं."

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, वरचं छत तुटलं की त्याचा रस्ताच बंद. हे मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. आणि हे छत टिकलंय ते महादेव कोळी आदिवासींच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या देवराईला कोयता लावला नाही म्हणून, अभयारण्य खूप नंतर आलं. देवराईबाहेरही हिरडा उभा दिसतो कारण पावसाआधी बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकण्यावर इथली कितीतरी घरं चालतात. जंगल राखायचं श्रेय देताना या लोकांचं नाव सगळ्यात शेवटी येतं याचा मला मनापासून राग येतो.

आमच्या फॉर्ममध्ये झाडाचं नाव, उंची, घरट्याची अवस्था असे रकाने होते, वेलाचा नव्हता. मी शेऱ्यात गारंबी लिहिली, आणि रिपोर्टच्या मीटिंगमध्ये वेलांसाठी वेगळा रकाना हवा म्हणून भांडलेसुद्धा.