पंप चालू आहे, पण ब्रांचला पाणी नाही

बंब तळ्याकाठी लागला आहे, सक्शन (पाणी घेणारी कडक होज) पाण्यात आहे, इंजिनचा आवाज चढलेला आहे आणि पुढे ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी फेकणारी नळी, धरून उभ्या असलेल्या जवानाच्या हातात नुसती फुसफुस येते आहे. अशा वेळी सगळे पंपाला दोष देतात. पंप बहुतेक वेळा ठणठणीत असतो. खरी खोट कडक झालेल्या एखाद्या वॉशरमध्ये, अर्धवट उघड्या राहिलेल्या ड्रेन कॉकमध्ये (पंप रिकामा करायच्या तोटीत) किंवा आतून सुटलेल्या सक्शन होजमध्ये असते. एकच बंब आणि पाळीला मोजकी माणसं असलेल्या लहान केंद्रात मोठ्या पंपाची मागणी नेहमी होते. ती करण्याआधी सक्शनची बाजू आणि होज तपासा, असं माझं ठाम मत आहे. तिथला दोष राहिला तर मोठा पंपही तसाच अडणार.

पंप पाणी ओढतो, असं आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात सेंट्रिफ्युगल पंपाला हवा ओढताच येत नाही. पाण्याच्या मानाने हवा आठशे पटीने हलकी, त्यामुळे इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चक्र, नुसता फिरत राहतो. प्रायमर आतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला १०.३ मीटर पाण्याइतका असतो. त्यातून होजमधलं घर्षण, स्ट्रेनरचा (सक्शनच्या तोंडावरच्या गाळणीचा) अडथळा आणि पाण्याच्या वाफेचा दाब वजा केला की हाती जेमतेम ७ मीटर उचल राहते. १,००० मीटर उंचीवरच्या गावात त्यातला आणखी सव्वा मीटरभर जातो. पाणी गरम असेल तर अजून घट होते: २० अंशांच्या पाण्यात वाफेमुळे पाव मीटर जातो, ४० अंशांच्या पाण्यात पाऊण मीटर. ही उचल पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंत उभी मोजायची. आणि विहिरीतून उपसा सुरू केला की पातळी खाली जाते. सुरुवातीला ५ मीटरवर असलेलं पाणी अर्ध्या तासाने ७ मीटरवर गेलं, तर पंप पाणी सोडणारच.

सक्शन कुठे हवा खातं हे आगीच्या जागी शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून दर आठवड्याला कोरडी व्हॅक्यूम चाचणी घ्यावी. पंप पूर्ण निथळून घ्या. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. सगळे ड्रेन कॉक बंद करा. डिलिव्हरी (पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचे) व्हॉल्व्ह बंद ठेवा, पण त्यांच्या टोप्या काढून टाका. टोपी लावलेली राहिली तर तीच व्हॉल्व्हची गळती झाकते आणि चाचणी खोटी ठरते. सक्शनचे सगळे तुकडे जोडून शेवटच्या तोंडाला ब्लँक कॅप लावा, प्रायमर चालवून ५६० मिमी पाऱ्यापर्यंत व्हॅक्यूम घ्या आणि इंजिन बंद करा. ५ मिनिटांत काटा २५० मिमीपेक्षा जास्त पडता कामा नये. उंच जागी दर ३०० मीटरला सुमारे २५ मिमी कमी व्हॅक्यूम मिळेल, तो दोष समजू नका.

काटा पडला तर इंजिन बंद असतानाच कान लावा, सूं असा आवाज ऐकू येतो. जोडांवर साबणाचा दाट फेस लावला की गळतीच्या जागी तो आत ओढला जातो. शोधताना आधी ड्रेन कॉक बघा, मग सक्शन कपलिंगचे वॉशर, मग डिलिव्हरी व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात शेवटी ग्लँड, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथली गळती रोखणारी जागा. ग्लँड पॅकिंगचा असेल तर पंप चालताना त्यातून थोडे थेंब पडायलाच हवेत. थेंब थांबवायला तो आवळत गेलात तर शाफ्टला चरे पडतात. मेकॅनिकल सीलमधून मात्र थेंबही पडू नये. वॉशरना साधं ग्रीस लावण्याची सवय सोडा. खनिज तेलाने साधं रबर फुगतं आणि सैल पडतं. सिलिकॉन ग्रीस वापरा, तेही पुसटसं. आणि प्रत्येक मापाचे दोन जादा वॉशर बंबातच ठेवा, कारण सक्शन ओढून आणताना वॉशर खाचेतून निसटून पडतो आणि अंधारात तो सापडत नाही.

या चाचणीत पकडीत न येणारा एक दोष वेगळा सांगायला हवा. जुन्या सक्शन होजचं आतलं अस्तर मुख्य थरापासून सुटतं. होज बाहेरून धडधाकट दिसते, दाबाने पाणी भरलं तर अस्तर भिंतीला चिकटून बसतं आणि सगळं ठीक वाटतं. व्हॅक्यूम आला की तेच अस्तर पडद्यासारखं आत येऊन वाट अडवतं. व्हॅक्यूम चाचणीही ही होज पास करते, कारण हवा कुठूनच येत नसते. त्यावर उपाय म्हणजे एका टोकाला जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची चकती ब्लँक कॅपसारखी बसवून, व्हॅक्यूम असताना बॅटरीच्या उजेडात आत बघणं. अशी चकती केंद्राने एकदा करून घेतली की वर्षानुवर्षं पुरते.

प्रायमिंगला, म्हणजे हवा काढून पंपात पाणी आणायला, लागणारा वेळ हीही एक तपासणीच आहे. ३ मीटर उचलीला पाणी ३० सेकंदांत लागलं पाहिजे. ४५ सेकंद झाले तरी लागत नसेल तर प्रायमर रेटत राहू नका, थांबा आणि कारण शोधा. इलेक्ट्रिक प्रायमर असेल तर तो बॅटरीतून भरपूर करंट घेतो. बॅटरी दमलेली असली की मोटर मंद फिरते, व्हॅक्यूम पुरेसा होत नाही आणि शंका सक्शनवर घेतली जाते.

सक्शन टाकताना होज पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढती असावी. कठड्यावरून वर जाऊन पुन्हा खाली उतरली की त्या उंचवट्यात हवा अडकते. स्ट्रेनर पाण्याच्या पृष्ठभागाखाली सक्शनच्या व्यासाच्या किमान तिप्पट खोल हवा, म्हणजे १०० मिमी सक्शनला ३० सेंमी. पाणी त्याहून उथळ असेल तर भोवरा धरतो आणि त्यातून हवा आत जाते. फळी किंवा मोठा चेंडू वर तरंगत सोडला तर भोवरा मोडतो. तळापासूनही तितकंच अंतर ठेवा, नाहीतर गाळ ओढला जातो. स्ट्रेनरला दोरी बांधा, तिचं दुसरं टोक काठावर पक्कं करा, म्हणजे होजचं वजन पंपाच्या तोंडावर येत नाही आणि स्ट्रेनर हवा तसा वर-खाली करता येतो. पालापाचोळा असेल तर त्यावर वेताची किंवा जाळीची टोपली हवीच.

पुढचं काम दोन गेजचं. माझ्या मते पंप चालवणाऱ्याचं अर्धं कौशल्य व्हॅक्यूम गेज वाचण्यात आहे आणि शिकवताना नेमका तोच भाग घाईत उरकला जातो. १ मीटर उचलीला सुमारे ७४ मिमी व्हॅक्यूम दिसतो. म्हणजे पाणी ३ मीटर खाली असेल तर २२० मिमी, वर घर्षणाचे थोडे. त्याऐवजी काटा ५०० वर असेल तर स्ट्रेनर तुंबलाय किंवा ते अस्तर आत आलंय. व्हॅक्यूम कमी आणि दाबाचा काटा थरथरतोय, तर पंप हवा घेतोय. दाब भरपूर, व्हॅक्यूम नुसत्या उचलीइतकाच, आणि तरी पुढे पाणी नाही, म्हणजे अडथळा डिलिव्हरीकडे आहे: पिळलेली होज, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा ब्रांचमध्ये अडकलेला खडा. पंपाच्या पोटात खडे आपटल्यासारखा आवाज येतो आणि थ्रॉटल वाढवूनही दाब चढत नाही, ते कॅव्हिटेशन. पाणी पुरतं येत नाही, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि इम्पेलरवर फुटून धातू खातात. अशा वेळी थ्रॉटल कमीच करायचं, जिथे दाब नुकता पडायला लागतो तिथपर्यंत. ब्रांच बंद असताना पंप तसाच फिरत ठेवला तर तेच पाणी घुसळून तापतं, सील जातात आणि पुढे ब्रांच उघडणाऱ्याच्या हातावर कढत पाणी येतं. टाकीकडे परत जाणारी लाइन थोडी उघडी ठेवली की हा धोका टळतो.

हायड्रंटवर (आगीसाठी ठेवलेल्या नळावर) जोडण्याआधी तो मोकळा सोडून धुऊन घ्या. पहिल्या पाण्याबरोबर गंज आणि खडे येतात आणि ते थेट ब्रांचच्या तोंडाशी जाऊन बसतात. जोडल्यावर बंद असतानाचा दाब बघा, मग एक ब्रांच चालवून पुन्हा बघा. समजा ४ बारचा ३.५ झाला. तेवढंच पाणी घेणारी दुसरी ब्रांच उघडली तर घट दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे दाब २ बारवर येतो. तिसरी उघडायची असेल तर या हायड्रंटवर ती चालणार नाही, हे आधीच कळतं. येणारा दाब १.४ बारच्या खाली जाऊ देऊ नये. त्याखाली बंबाला पाणी आणणारी फीडर होज चपटी पडायला लागते आणि पाइपलाइनमध्ये उणा दाब झाला तर जमिनीतलं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात शिरतं.

टाकीचं गणित सोपं आहे आणि तरी चुकतं. ४,५०० लिटरची टाकी, मिनिटाला ४५० लिटरच्या दोन ब्रांच, म्हणजे ५ मिनिटं. पुढचं पाणी कुठून आणायचं हे पहिल्याच मिनिटात ठरलं पाहिजे.

आता होज. घर्षणाने जाणारा दाब प्रवाहाच्या वर्गाने वाढतो आणि व्यासाच्या पाचव्या घाताने घटतो. रबर अस्तराच्या ३८ मिमी होजमधून मिनिटाला ४०० लिटर पाणी नेलं तर ६० मीटरला अंदाजे ३.६ बार जातात. त्याच पाण्याला ६३ मिमी होजमध्ये जेमतेम ०.३ बार. समजा ब्रांचला ७ बार हवेत आणि ती ९ मीटर उंचीवर आहे. सगळी होज ३८ मिमीची टाकली तर पंपाला साडेअकरा बार द्यावे लागतात. ४५ मीटरपर्यंत ६३ मिमी, तिथे डिव्हायडिंग ब्रीचिंग (एका होजमधलं पाणी दोन होजमध्ये वाटणारा जोड) आणि पुढचे १५ मीटर ३८ मिमी, अशी मांडणी केली तर काम ९ बारवर होतं. तेच इंजिन, तीच माणसं. ६३ मिमीची होज आगीपर्यंत ओढत न्यायची नसते, कारण तिच्या १५ मीटरच्या एका तुकड्यात ४७ लिटर पाणी मावतं आणि तेवढंच किलो वजन माणसांना ओढावं लागतं. ३८ मिमीमध्ये तेच १७ किलो.

ब्रांचचा मागचा रेटाही मोजून माणसं लावा. २० मिमीच्या सरळ नोझलला ७ बार दिले की मिनिटाला ७०० लिटर पाणी जातं आणि सुमारे ४५ किलोचा रेटा मागे बसतो. एकट्याने ती धरायची नाहीच. ३.५ बारवर रेटा निम्मा होतो, पाणी मात्र ५०० लिटर मिळतं. दाब अर्धा केला तरी पाणी अर्धं होत नाही, हे पंपावरच्या माणसाला माहीत हवं. ब्रांच बंद करताना हळू करा. झटक्याने बंद केली की दाबाची लाट मागे येते, जुनी होज फुटते किंवा कपलिंग सुटतं.

शेजारच्या दलाची मदत येते तेव्हा कपलिंग जुळतं का, हे आधी जोडून बघितलेलं असावं. १९०४ साली बाल्टिमोरच्या आगीत वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून बंब आले आणि त्यांच्या होज तिथल्या हायड्रंटना बसेनात. आजही इन्स्टंटेनियस, स्टॉर्झ आणि आट्यांची कपलिंग एकाच परिसरात नांदतात. अ‍ॅडॉप्टर बंबात ठेवा, केंद्राच्या कपाटात त्याचा काही उपयोग नाही.

वापरलेली होज धुऊन, निथळून सावलीत वाळवा आणि गुंडाळताना घडीची जागा दर वेळी बदला. होज नेमकी जुन्या घडीवरच फाटते. दाबाची चाचणी वर्षातून एकदा. चाचणीआधी आतली हवा पूर्ण काढा, कारण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते आणि कपलिंग सुटलं तर ते माणसाला मारतं. कपलिंगच्या कडेला होजवर पेनाने रेघ ओढून ठेवा. चाचणीनंतर रेघ आणि कपलिंग यांत फट दिसली तर बांधणी सरकली आहे.

फोमबद्दल थोडंच. ३ टक्क्यांचा फोम मिनिटाला ४५० लिटरच्या ब्रांचवर १३.५ लिटर जातो, म्हणजे २० लिटरचा कॅन दीड मिनिटात संपतो. पुरेसे कॅन जवळ येईपर्यंत सुरू करू नका. अर्धवट पसरलेला थर आगीने खाल्ला की आधीचा फोमही वाया जातो. इंडक्टर, म्हणजे पाण्यात फोम ओढून मिसळणारं साधन, आणि ब्रांच एकाच प्रवाहाचे हवेत. इंडक्टरच्या पुढे होज फार लांब झाली किंवा ब्रांच उंच गेली तर मागचा दाब वाढून तो फोम ओढायचं सोडतो. वापरानंतर कॅनऐवजी स्वच्छ पाण्याच्या बादलीत नळी टाकून तो धुवा, नाहीतर आतली चेंडूची झडप चिकटून बसते.

तळ्याचं पाणी वापरलं असेल तर परत आल्यावर पंपातून स्वच्छ पाणी फिरवा, वाळूने वेअर रिंग (इम्पेलरभोवतीच्या कड्या) झिजतात. आणि चाचणीचे आकडे लिहा: किती व्हॅक्यूम मिळाला, ५ मिनिटांत किती पडला, पाणी किती सेकंदांत लागलं. नुसतं ‘ठीक’ लिहिलेल्या वहीतून काही कळत नाही. पडझड ६० मिमीवरून १२० आणि मग १८० झालेली दिसली, तर २५० ची मर्यादा ओलांडायची वाट न बघता पुढच्या सकाळी वॉशर बदलता येतात.