बारो कोलोरॅडो: झाड पडलं कसं, ते आधी बघा

पनामात गांबोआच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटते आणि अजस्र मालवाहू जहाजांच्या कडेकडेनं बारो कोलोरॅडोला पोचवते. बेट कसलं, बुडालेल्या डोंगराचा माथा. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून सरोवराचं पाणी चढलं आणि हा माथा तेवढा वर उरला. 1923पासून इथलं जंगल राखीव आहे. पाऊस वर्षाला साधारण 2600 मिलिमीटर. आंबोलीकर हसतील, पण तो आठ महिने पुरवून पुरवून पडतो.

1980च्या सुमारास इथे 50 हेक्टरांचा तुकडा आखून एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोडाला बिल्ला लावला गेला. दोन लाखांवर खोडं, जाती सुमारे 300. दर पाच वर्षांनी फेरमोजणी होते. जाडी मोजायची जमिनीपासून 1.3 मीटरवर, बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं असतील तर शिडी लावून त्यांच्याही वर. टेप वेलीच्या आतून सरकवायचा. वरून गुंडाळला तर झाड कागदावर फुगतं आणि पुढच्या खेपेला वेल मेली की उगाच रोडावतं.

वाटेत आडवं झाड दिसलं की फोटो नंतर, आधी बुंधा बघा. उन्मळलं असेल तर खड्डा आणि शेजारी मुळांनी उपटलेला मातीचा ढीग दिसेल. खोड मधेच मोडलं असेल तर जमीन जशीच्या तशी. इथे मोडणारीच फार, उन्मळणारी पाव हिश्शाच्या आसपास. उन्मळतात ती बहुधा जाडजूड, टणक लाकडाची. उघड्या मातीवर बारीक बियांच्या जातींचं फावतं. मोडलेलं लहान झाड मात्र बऱ्याचदा खुंटातून फुटवा काढतं, म्हणून मोडलं म्हणजे मेलं असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

विजेचा बळी ओळखणं सगळ्यांत अवघड. जळल्याची खूण बहुधा नसतेच. मान वर करून शेजारच्या झाडांकडे बघायचं: मधल्या झाडाकडे वळलेल्या फांद्याच तेवढ्या सुकलेल्या दिसतात, कारण वीज तिथूनच उडी मारते. एक वीज सरासरी वीसेक झाडांना इजा करते, त्यातली पाचेक वर्षभरात मरतात. साठ सेंटिमीटरहून जाड झाडांच्या मृत्यूंत विजेचा वाटा 40 टक्क्यांच्या घरात निघाला. आलमेंद्रो हे झाड मात्र पक्कं: स्वतः तगतं आणि अंगावरच्या वेली नि खेटून उभे शेजारी मात्र मरतात.

आता झाड पडल्यावर जंगलाच्या पानांच्या छताला पडलेलं भोक. दाट सावलीत जमिनीवर एक-दोन टक्केच उजेड पोचतो. भोक लहान असेल तर आधीपासून ताटकळत बसलेली रोपंच वर सरकतात, बाहेरच्याला शिरकाव नाही. सेक्रोपिया या झाडाला साधारण 200 चौरस मीटरची मोकळीक लागते (आपल्याकडे सह्याद्रीत उजाड जागी चांदाडा घुसतो, तसलीच ही जात). ट्रेमा या तसल्याच दुसऱ्या झाडाला पावणेचारशेच्या आसपास, आणि तीही पहिल्याच वर्षी. उशीर झाला की संपलं. पण साधलं तर ती वर्षात सात मीटरपर्यंत उंच जाते. लाकूड हलकं, आयुष्य तोकडं.

भोक बुजतंच असं मात्र नाही. पडलेल्या झाडाबरोबर खाली आलेल्या वेली मरत नाहीत, तिथूनच पुन्हा फुटतात आणि रोपांवर गोधडी पांघरतात. अशी जागा दहा-दहा वर्षं जाळीच राहते. आत शिरायला जाऊ नका. पायवाटेवरसुद्धा पूर्ण पँट आणि तिच्यावर ओढलेले मोजे हवेत. गवतातल्या सूक्ष्म माइटचा डंख आठवडाभर खाजतो.

ताचिगाली हे झाड मरायला वीज-वाऱ्याची वाट बघत नाही. जन्मात एकदाच फुलतं, शेंगा पिकवतं आणि वर्षभरात उभ्या उभ्या वाळतं. पंखांच्या शेंगा बऱ्याचशा जवळच उतरतात. वाळक्या ताचिगालीखाली वाकून बघितलं तर त्याचीच रोपं, सावलीत तग धरून, वरच्या फांद्या गळायची वाट बघत उभी असतात.