किल्ले विकत घेणारा बादशहा

औरंगजेब दख्खनेत का हरला, हा विषय आमच्या सोलापूरकडे निघाला की पाचव्या मिनिटाला गनिमी कावा आणि संताजी-धनाजी येतात. येऊ देत, खोटं नाहीच ते. पण माझी सगळी नोकरी कोषागारात बिलं पास करण्यात गेली, त्यामुळे मला आधी खर्च दिसतो.

१६८१ ला अजमेर सोडून निघालेला हा माणूस पुन्हा उत्तरेत गेलाच नाही. १६८६ ला विजापूर घेतलं, १६८७ ला गोवळकोंडा, १६८९ ला संभाजीराजांना मारलं. मोगल राज्य इतकं मोठं आधी कधीच झालं नव्हतं. माझ्या मते घसरण इथूनच सुरू झाली. बुडालेल्या शाह्यांचे सरदार त्याच्याकडे आले, फोडलेले मराठे आले. प्रत्येकाला मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा, द्यायची, आणि मनसब म्हटली की तनख्यापोटी, म्हणजे पगाराच्या बदली, जहागीर आलीच. जहागीर कागदावर मिळायची; वसुलीला जावं तर मराठे आधीच चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, घेऊन गेलेले. रयत दोन धन्यांना कुठून देणार? तरतूद नसताना मंजुऱ्या देत सुटलं की काय होतं, ते आमच्या ऑफिसातला शिपाईही सांगेल.

मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी माचणूर आहे. सिद्धेश्वराच्या दर्शनाला लोक जातात, शेजारच्या किल्ल्याकडे फारसं कुणी वळत नाही. इथेच, लगतच्या ब्रह्मपुरीला १६९५ पासून चार वर्षं बादशहाची छावणी होती. तिकडे तमिळ मुलखात राजाराम महाराज होते त्या जिंजीला मोगल सेनापती झुल्फिकारखान वेढा घालून बसलेला. आठ वर्षांनी, १६९८ ला किल्ला पडला, तेव्हा महाराज आधीच निसटले होते.

मग ऐंशीच्या घरातला म्हातारा स्वतःच गड घ्यायला निघाला. साताऱ्याला चार महिने वेढा. तटाखाली सुरुंग लावले, त्यातला एक उडाला तो उलटा. दोनेक हजार मोगल ढिगाऱ्याखाली गेले. त्याच पावसाळ्याच्या शेवटी खवासपूरला माण नदीचा पूर रात्री छावणीत घुसला. त्या धावपळीत बादशहाचा पाय दुखावला, तो कायमचा लंगडा झाला. आज माण नदीत पाणी शोधावं लागतं, म्हणून ही हकिकत सांगितली की सांगोल्याकडची माणसं हसतात!

विशाळगडाचं प्रकरण तर ऑडिटला जावं असं. महिनोन्‌महिने वेढा, आणि १७०२ च्या जूनमध्ये मराठ्यांच्या परशुरामपंतांनी दोन लाख रुपये मोजून घेऊन किल्ला सोडला. बहुतेक गडांचा हिशेब असाच. खरी शिडी लावून घेतलेला म्हणजे १७०४ चा तोरणा. बादशहाची पाठ वळली की ताराबाईंची माणसं गड परत घ्यायची. पन्हाळा गेला, सिंहगड गेला. त्याच मालाचे पैसे पुन्हा मोजायचे.

३ मार्च १७०७ ला तो अहमदनगरला वारला. चार महिन्यांच्या आत आग्र्याजवळ जाजऊला त्याची मुलं एकमेकांवर तुटून पडली, आणि पुढच्या बारा वर्षांत दिल्लीचं तख्त सय्यद बंधू या दोन दरबारी सरदारांच्या हातात गेलं. १७१९ ला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते दख्खनच्या सहाही सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या, म्हणजे वरच्या दहाव्या हिश्श्याच्या, सनदा घेऊन. रायगड पडल्यापासून मोगलांच्या कैदेत असलेल्या येसूबाईही त्याच वर्षी सुटून आल्या.