पायाची बोटं टेकवून बसलेली पोरगी

मी एसटीत कंडक्टर आहे, सात वर्षं झाली. सातारा पंढरपूर ही ड्युटी मला बऱ्याचदा लागते. मागच्या मे महिन्यातली गोष्ट, घरी सांगितली, डेपोत मैत्रिणींना सांगितली तरी डोक्यातून जात नाही, म्हणून आज बसून लिहूनच काढते.

लग्नसराई, शाळांना सुट्टी, आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालंय तेव्हापासून लेकीबाळी घेऊन एकट्या फिरणाऱ्या बायका गाडीत खूप दिसतात, मला ते बघून बरंच वाटतं. त्या दिवशी साताऱ्यातूनच गाडी भरून निघाली आणि कोरेगावला आणखी वीसेक माणसं चढली. त्यात ही बाई. हातात दुपट्यात गुंडाळलेलं महिना दीड महिन्याचं बाळ, खांद्याला पिशवी, आणि तिची ओढणी धरून एक पोरगी. बसायला जागा कुठली. तर मधल्या सीटवरचा एक माणूस, पन्नाशीच्या पुढचा, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन, त्यानं शेजारच्या कॉलेजच्या पोराला उठवलं, "अरे बाळंतीण बाई उभी आहे, दिसत नाही का", तिला खिडकीजवळ बसवलं, पिशवी वर ठेवून दिली आणि म्हणाला, "पोरीला द्या इकडं, मी घेतो मांडीवर."

आता हे एसटीत नवीन नाही. खिडकीतून पोरगं आत टाकून जागा धरायची, उभ्या बाईचं लेकरू बसलेल्यानं मांडीवर घ्यायचं, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि ते चांगलंच आहे. मी स्वतः कितीदा म्हटलंय, "अहो घ्या की जरा त्या लेकराला." त्यामुळे तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही, उलट भला माणूस आहे असंच वाटलं.

वर्धनगडच्या घाटात मी त्यांच्यापर्यंत पोचले. आईचं अर्धं तिकीट फाडलं, पोरीचं वय विचारलं. आई म्हणाली पाच पुरी व्हायचीत. पोरगी लगेच मोठ्यानं म्हणाली, "सहा! मी पहिलीत जाणार आता." आजूबाजूचे सगळे हसले, आईनं गुपचूप हाफ तिकिटाचे पैसे दिले. हे मुद्दाम सांगतेय कारण पोरगी बोलकी होती, कुणाला घाबरणारी नव्हती.

पुसेगावला माणसं उतरली चढली, मी मशीन घेऊन परत मागं जायला निघाले तर तीच पोरगी एकदम गप्प. आणि मला तिचे पाय दिसले. समोरच्या सीटखालच्या दांडीवर तिनं पायाची बोटं टेकवली होती, टाचा वर, आणि दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा असा घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडलेली. म्हणजे ती मांडीवर होती पण बसलेली नव्हती. अंगाचा भार तिनं टाकलाच नव्हता. मी रोज दहावीस लेकरं लोकांच्या मांडीवर बघते. ज्याला बरं वाटतं ते लेकरू पाच मिनिटांत सैल पडतं, मान टाकतं, लाळ गाळत झोपतं. हे असं तोलून धरलेलं अंग मी लगेच ओळखते.

त्याचा एक हात तिच्या पोटावरून घट्ट. दुसऱ्या हातानं गालगुच्चे घेणं चालू. ती बाहीनं गाल पुसायची, तो परत घ्यायचा, आणि म्हणत होता, "एक पापी दे मग खिडकीत बसवतो." पोरीनं आईकडं बघितलं. आणि आई हसून म्हणाली, "दे की काकांना."

ते "दे की काकांना" ऐकलं आणि माझ्या पोटात कसंतरी झालं. कारण हेच वाक्य मी बोललेय. माझा मुलगा चार वर्षांचा असताना दिराच्या लग्नात एकेक पाहुणा त्याला ओढून मुके घेत होता आणि तो रडकुंडीला आला तर मीच त्याला दटावलं होतं, "असं काय करतो, आपलीच माणसं आहेत." चारचौघांत आपली आई म्हणून शोभा होऊ नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं, लेकराच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं मी.

मी विचार करत बसले नाही. पोरीला म्हटलं, "बाळा, मला घंटी वाजवायला एक माणूस पाहिजे, येतेस का माझ्या सीटवर?" ती उठायला लागली तर हात सुटेना. तो हसत म्हणाला, "राहू द्या हो मॅडम, बसलीय की चांगली." मी म्हटलं, "काका, तिला उतरायचंय. हात काढा." आवाज चढवला नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मग हात निघाला. पोरगी त्या गर्दीतून अशी सरकली की बास.

आणि मग सुरू झालं. "म्हणजे मी काय केलं? मलाही नाती आहेत." मागून कोणीतरी, "मॅडम, चांगल्या घरचा माणूस आहे, लेकराला जीव लावला तर एवढं काय." एक मावशी म्हणाल्या की आजकाल कुणाचं भलं करायची सोय राहिली नाही. आईचा चेहरा तर असा झाला की जणू मीच तिचा अपमान केला. मी एवढंच म्हटलं, "मी तुम्हाला काही म्हटलेलं नाही काका. लेकराला नको होतं, लेकरू उतरलं." आणि पुढं तिकिटं फाडायला गेले. हात थरथरत होते माझे, खोटं कशाला सांगू.

दहिवडीला गाडी दहा मिनिटं थांबली. आई बाळाला घेऊन खाली उतरली आणि सरळ माझ्याकडं आली. मला वाटलं भांडणार. तर म्हणाली, "त्यांनी जागा करून दिली हो ताई, पिशवी ठेवली. मग नाही कसं म्हणायचं?" आपल्या म्हाताऱ्या म्हणतात ना, भीड भिकेची बहीण, ती ही अशी. सीटच्या उपकाराखाली आई दबली आणि फेड मात्र पोरीनं करायची. पोरगी शेजारीच उभी होती, बिस्किट खात. खाता खाता अगदी सहज म्हणाली, "मी म्हटलं होतं मला उतरू द्या. हळू म्हटलं होतं. ते म्हणाले आई रागवेल."

आई मटकन खाली बसली, तिथंच फलाटाच्या कडेला.

मी पोरीला खोदून काही विचारलं नाही. ते काम आईचं, तेही घरी शांतपणे, "आणि काय केलं, कुठं हात लावला" असं भर स्टँडवर दहा जणांसमोर नाही. आईला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्हाला तक्रार करायची असेल तर आत्ता सांगा, मी गाडी सरळ पोलीस स्टेशनला लावते, आमच्यात तसं करतात, 112 आहे, मुलांसाठी 1098 आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. नंतर जरी पोरीनं काही वेगळं सांगितलं तरी फोन करता येतो, उशीर झाला असं नसतं. ती म्हणाली आधी घरी पोचू द्या, पोरीशी बोलते. तिचा निर्णय, मी जोर केला नाही.

तिनं विचारलं, "तो वाईट असेल का हो?" आता त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा आहे, त्यात हेतूला महत्त्व आहे. 2021 च्या जानेवारीत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं कपड्यावरून लावलेला हात त्यातल्या लैंगिक हल्ल्याच्या कलमात बसत नाही असा निकाल दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तो रद्द करून सांगितलं की कातडीला कातडी लागली का हा प्रश्नच नाही, हेतू बघा. पण ते कोर्टाचं काम. तिथं हेतू सिद्ध करावा लागतो. आईला आपलं लेकरू उचलून घ्यायला काहीही सिद्ध करावं लागत नाही. समोरचा देवमाणूस असला तरी पोरीला नको असेल तर नको. तिला मी हेच सांगितलं, बहुतेक आया तिथंच अडकतात की उगाच कुणावर आळ नको. अहो आळ घेतोय कोण, "द्या तिला इकडं" एवढं तर म्हणायचंय. आणि म्हणताना हात पुढं करायचे, पोरगी स्वतः येईल याची वाट नाही बघायची, कारण मोठ्या माणसाच्या हातातून सुटायचं बळ तिच्यात नसतं.

बाळाचंही बोलणं निघालं. मागच्या सीटवरच्या बाईनं त्याचा तोंडाजवळ मुका घेतला होता, ते मी बघितलं होतं. डांग्या खोकल्याची पहिली लसच दीड महिन्याला असते, तोपर्यंत त्या जिवाला फारसा आधार नसतो, आणि गाडीत कोण खोकत बसलंय काय माहीत. तिथं मी म्हटलं बिनधास्त डॉक्टरांचं नाव पुढं करा, "डॉक्टरांनी हात लावू नका सांगितलंय", कोणी वाईट वाटून घेत नाही. पण पोरीच्या बाबतीत डॉक्टरांचं निमित्त नको. तिथं सरळ म्हणायचं की तिला आवडत नाही. कारण बाळाला कळत नाही, ही मात्र कान देऊन ऐकत असते की आई माझ्या बाजूनं बोलते का त्यांच्या.

गाडी सुटायची वेळ झाली. आईनं पोरीला जवळ घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. काय ते मला ऐकू आलं नाही, पण पोरीनं मान हलवली आणि मला विचारलं, "डबल कधी द्यायची?" तिच्या हातात दोरी दिली. डबल बेल अशी जोरात दिली की ड्रायव्हर दचकून मागं बघायला लागला.

तो माणूस म्हसवडला उतरला. उतरताना माझ्याकडं बघितलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

पंढरपूर स्टँडला सगळे उतरत होते. आमच्या गाडीत एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, फुकट प्रवासवाल्या, सगळा प्रकार त्यांनी बघितला होता. त्यांनी उतरताना पोरीच्या गालाला हात लावायला म्हणून हात पुढं केला, प्रेमानंच. पोरगी आईच्या मागं सरकली. आई एक क्षण घुटमळली, तिच्या तोंडावर ते नेहमीचं कसनुसं हसू आलं आणि गेलं. मग म्हणाली, "आजी, तिला नकोय."

आजी म्हणाल्या, "बरं बाई, ऱ्हायलं." हात मागं घेतला आणि तिथूनच, दोन हात अंतरावरून, पोरीवरनं ओवाळल्यासारखं करून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पोरगी आईच्या मागनं डोकं काढून हसली.

मी वेबिल घेऊन कंट्रोलर केबिनकडं गेले, एन्ट्री करायची राहिली होती.