बडोद्याहून बालीला, शिकवायला शिकण्यासाठी

योग शिकायला भारताबाहेर जातेय म्हटल्यावर बडोद्यात जे जे ऐकावं लागतं, ते मी सगळं ऐकलं. दांडिया बाजारातल्या काकू तर सरळ म्हणाल्या, "अगं, माणिकरावांचा आखाडा हाकेच्या अंतरावर असताना तू समुद्रापलीकडे कशाला निघालीस?" काकूंचं चूक नव्हतं. आसनं शिकायला बालीला जायची काहीएक गरज नाही. मी गेले ते वेगळ्याच कामासाठी. चार देशांतली, चार तऱ्हांची शरीरं एका खोलीत तासभर इंग्रजीतून कशी सांभाळायची, ते शिकायला. माझ्या ऑनलाइन वर्गात न्यू जर्सी आणि लंडनच्या आपल्या मंडळींसोबत त्यांच्या शेजारणीही येऊ लागल्या होत्या. तिकडच्या एका स्टुडिओने तर दोनशे तासांचं सर्टिफिकेट असेल तरच पुढचं बोलू, असं कळवलं होतं.

तुमचं काम सोसायटीच्या हॉलमधल्या सकाळच्या बॅचपुरतं असेल तर हा खर्च करू नका. लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे, बिहारमधलं मुंगेरचं योगविद्यालय आहे. आणि पुढेमागे सरकारी योजनेत किंवा शाळेत शिकवायचं मनात असेल, तर तिथे आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा कामाला येते. ती वेगळी द्यावी लागते, बालीचा कागद तिची जागा घेत नाही.

ज्याला सगळे 'टू हंड्रेड अवर' म्हणतात त्याचं गणित आधी समजून घ्या. योगा अलायन्स ही 1999 मध्ये सुरू झालेली अमेरिकन संस्था. ती तुमची परीक्षा घेत नाही, शाळांची नोंदणी करते. सर्टिफिकेट देते ती शाळा, आणि ते हातात आल्यावर फी भरून तुम्ही तुमचं नाव नोंदवायचं. तिच्या चौकटीत 75 तास आसन-प्राणायामाचं तंत्र आणि सराव, 30 तास शरीररचना, 30 तास इतिहास-तत्त्वज्ञान आणि 50 तास शिकवण्याची पद्धत, व्यवसायाची बाजू आणि शिकवण्याचा प्रत्यक्ष सराव यांचे असतात. उरलेले तास शाळा आपल्या मर्जीने वापरते. मी अभ्यासक्रम पाहताना पहिल्यांदा तो पन्नास तासांचा तुकडा पाहायचे. तिथे 'बिझनेस ऑफ योगा' आणि इन्स्टाग्रामच भरलेलं दिसलं की ती शाळा यादीतून बाद.

वेबसाइटवरचा गोल शिक्का पाहून पैसे भरू नका. योगा अलायन्सच्या यादीत शाळेचं नाव स्वतः शोधा. मग शाळेला ईमेलवर, म्हणजे लेखी, विचारा: मुख्य शिक्षक कोण, आणि ते पूर्ण काळ हजर असतात की पहिल्या आठवड्यानंतर निघून जातात? बॅच किती जणांची? आजारी पडून तास बुडले तर ते कसे भरून घेता? प्रत्येकाला पूर्ण वर्ग एकट्याने घ्यायला मिळतो का? एका शाळेने या शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पोहण्याच्या तलावाचे फोटो पाठवले. नाव सांगत नाही, पण तुम्हालाही असे फोटो येतीलच.

खर्चाचं म्हणाल तर मी चौकशी केली तेव्हा उबुदमध्ये, म्हणजे बालीतल्या योगशाळांच्या गावी, राहण्या-जेवणासकट दोन ते साडेतीन हजार डॉलरचे भाव होते. ऋषिकेशला तोच नोंदणीकृत कोर्स त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत होतो. तेव्हा नुसत्या कागदासाठी ऋषिकेश बरं. फक्त तिथल्या बॅचमध्ये कोण कोण असतं आणि वर्ग कोणत्या भाषेत चालतो, ते विचारून घ्या.

व्हिसाचं अवघड नाही, पण तारखा मोजून घ्या. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो. पाच लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण पावणेतीन हजार. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मग सवय होते. तो ऑनलाइन आधीच काढता येतो, तीस दिवसांचा असतो आणि तेवढेच पैसे भरून एकदा वाढवता येतो. उतरलात तो दिवस पहिला धरतात. कोर्स चार आठवड्यांचा, त्यात आधी दोन दिवस आराम आणि नंतर समुद्रकिनारा असं ठरवलंत की तीस ओलांडलेच समजा. जास्त राहिल्याचा दंड दिवसाला दहा लाख रुपिया आहे. शिवाय बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया, 2024 पासून लागू झालेला, तोही ऑनलाइन भरता येतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचं तिकीट जवळ हवं. कोर्ससाठी नेमका कोणता व्हिसा चालतो, हे शाळेकडून लेखी घ्या. आणि कोर्स संपल्यावर "इथेच चार क्लास घे, पैसे देतो" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. पर्यटकाच्या व्हिसावर कमाई करता येत नाही, आणि तिथे परदेशी लोकांना परत पाठवल्याच्या बातम्या येतच असतात.

मी अहमदाबादहून सिंगापूरमार्गे गेले. देनपसारच्या विमानतळावरून उबुदला गाडीने तास-दीड तास, संध्याकाळी त्याहून जास्त. शाळेची गाडी महाग वाटली तर ग्रॅब किंवा गोजेक ही ॲप्स आहेत. स्कूटर भाड्याने सहज मिळते आणि सगळे घेतात. मी घेतली नाही. वैध परवाना नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करतो, आणि मनगट मोडलं की कोर्सच संपला.

मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपीची तारीख बघून तिकीट काढा. बालीच्या नववर्षाचा हा मौनाचा दिवस. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद असतो, रस्त्यावर कुणी पाऊल टाकत नाही, रात्री दिवे लावत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. कपडे वाळत नाहीत आणि चामड्याच्या चपलेला बुरशी येते. पटकन वाळणारे कपडे न्या. डासांची मलमं न्या, डेंग्यू तिथेही आहे. आपल्या तीन गोल पायांच्या प्लगला ॲडाप्टर लागतो.

आता वर्गाबद्दल. सकाळी सहाला प्राणायाम, मग दीड तास आसनं, न्याहारी, शरीररचना, जेवण, शिकवण्याचा सराव, संध्याकाळी पुन्हा आसनं. पहिल्या आठवड्यात अंग असं दुखतं की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आपल्या लोकांचं एक बरं असतं, मांडी घालून तासभर बसणं आणि मलासन ही आपल्याला शिक्षा वाटत नाही. माझ्या शेजारची जर्मन नर्स तीन उशा घेऊनही कळवळत होती. पण चतुरंग दंडासन, म्हणजे दंड काढताना अंग खाली धरून ठेवायची स्थिती, आलं की बाजू पालटते. श्वासासोबत एका आसनातून दुसऱ्यात न थांबता जायच्या व्हिन्यासा पद्धतीत ते एका वर्गात तीस-चाळीस वेळा येतं, आणि आपल्या बायकांच्या खांद्यांना तेवढा भार पेलायची सवय नसते. निघण्याआधी दोन-तीन महिने गुडघे टेकून दंड काढायला लागा आणि मनगटांचे व्यायाम करा. याहून उपयोगी तयारी दुसरी नाही.

सूर्यनमस्काराची गंमत निराळी. आपण शाळेपासून बारा स्थितींचा घालतो, एक पाय मागे नेऊन अश्वसंचालन करत. तिथला 'ए' प्रकार म्हैसूरच्या परंपरेतला. त्यात अश्वसंचालन नाहीच, दोन्ही पाय एकदम मागे. प्रत्येक हालचालीला एक श्वास बांधलेला. माझा पाय आठवडाभर आपोआप पुढे जात राहिला आणि शिक्षिका मला पाहून हसत राहिल्या. त्यांनी कुणालाच 'चुकलं' म्हटलं नाही, श्वास पुन्हा मोजून दाखवला. सुधारायचं कसं हे मी त्या हसण्यातून जास्त शिकले.

आणि शिकवण्याचा सराव हाच माझ्यासाठी पूर्ण पैसा वसूल. आपण इथे करून दाखवतो आणि लोक बघून करतात. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं, चटईवर उभ्या राहू नका, खोलीत फिरा आणि फक्त बोला. बोलायचं तेही इंग्रजी क्रियापदाने सुरू करून; आपल्या भाषेत सांगायचं तर: टाच दाबा, गुडघा वाकवा, बरगड्या आत घ्या. एका सूचनेत एकच अवयव. 'सुंदर', 'छान', 'आता हळूच' हे सगळं काढून टाका. मग जोडीदार डोळ्यांवर पट्टी बांधणार आणि तुम्ही त्याला शब्दांनी त्रिकोणासनात न्यायचं. माझ्या जोडीदाराचा हात पहिल्यांदा भिंतीवर आपटला. ऑनलाइन वर्गात, जिथे स्क्रीनवर माणूस पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो, तिथे हे शब्दच सगळं काम करतात.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. आपल्याकडे गुरुजी पाठीवर हात ठेवून कंबर दाबतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही, किंवा वाटलं तरी बोलत नाही. तिथे प्रत्येकाच्या चटईजवळ लहान चकती. एक बाजू वर असेल तर हात लावा, दुसरी असेल तर नाही. आधी मला हे फार झालं असं वाटलं. बडोद्याला आल्यावर माझ्या वर्गात तेच सुरू केलं तेव्हा साठीच्या एका वहिनींनी पहिल्याच दिवशी चकती 'नाही'वर ठेवली आणि आजतागायत उलटलेली नाही. वर्षानुवर्षं मी त्यांचे खांदे धरत आले होते.

तत्त्वज्ञानाचा भाग मात्र पातळ. पतंजलींची आठ अंगं एका दुपारी उरकली, आणि संस्कृत उच्चारांसाठी वर्गाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी आनंदाने शांतिपाठ म्हणून घेतला. आधुनिक योगाचा इतिहास म्हैसूरला शिकवणारे योगगुरू कृष्णमाचार्य आणि त्यांचे शिष्य यांच्यावरच संपला. मला राहवलं नाही. आमच्याकडे नर्मदाकाठी मालसरला योगी परमहंस माधवदासजी होते, त्यांच्याकडे शिकलेल्या योगेंद्रांनी 1918 मध्ये मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढलं आणि कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम, हे सांगितलं. कुवलयानंद डभोईचे, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, आणि व्यायामाचे धडे त्यांनी माणिकरावांकडे गिरवलेले. काकूंचा तो आखाडा हाच. मॅसॅच्युसेट्सच्या क्रिपालू योगकेंद्रात जाऊन आलेली एक अमेरिकन मुलगी बॅचमध्ये होती. ते नाव ज्यांच्यावरून पडलं ते स्वामी कृपाल्वानंदही डभोईचेच, हे ऐकून तिने वहीत गावाचं नाव लिहून घेतलं. जाण्याआधी तुम्हीही मालसर आणि कृपाल्वानंदांनी मंदिर उभारलेल्या कायावरोहणची एक चक्कर मारा, बडोद्याहून दिवसात होते. तिकडे या गोष्टी विचारतात, आणि आपल्याला सांगता यायला हव्यात.

जेवणाबाबत शाकाहारींनी एक शब्द पाठ करावा: तेरासी. ही कोळंबीची आंबवलेली पेस्ट, सांबल नावाच्या तिखट चटणीत घातलेली असते आणि भाजीतही येते. "शाकाहारी" म्हटलं तरी ती चालते असा बऱ्याच जणांचा समज, म्हणून "तान्पा तेरासी", तेरासीशिवाय, असं स्पष्ट सांगावं लागतं. तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, पोटभरीची. शाळेचं जेवण बहुतेक ठिकाणी शाकाहारीच असतं, पण सॅलड खाऊन खाऊन आपला जीव वरणभातासाठी कासावीस होतो. मेतकूट आणि खाकरे न्या. मी बडोद्याचा लीलो चिवडाही नेला होता, तो ब्राझीलच्या मुलांनी संपवला. नळाचं पाणी पिऊ नका, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. एकेक करून बॅचमधल्या सगळ्यांचं पोट बिघडतंच, आणि बुडालेल्या तासांचा प्रश्न तेव्हाच उभा राहतो.

घरी फोन करायचा तर बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकडे संध्याकाळचा वर्ग सुटतो तेव्हा इथे साडेचार, चहाची वेळ. संध्याकाळी सहाला तिथल्या लाउडस्पीकरवरून त्रिसंध्येचे मंत्र लागतात आणि सुरुवात गायत्री मंत्राने होते. पहिल्या दिवशी मी भाताच्या खाचराशेजारी उभी राहून तो ऐकला आणि हसू आवरेना.

परतल्यावर स्वतःला 'योग थेरपिस्ट' म्हणवून घेऊ नका. दोनशे तासांत ते होत नाही, आणि त्या नोंदणीच्या आधारे तसं मिरवायला योगा अलायन्सचीही परवानगी नाही. आणि निघण्याआधी शाळेच्या ऑफिसात सर्टिफिकेटवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं यात तिकडचे लोक गोंधळतात. दुरुस्तीसाठी बालीला ईमेल करत बसण्यापेक्षा समोर बसून नवीन प्रत छापून घेतलेली बरी, आणि सही-शिक्क्याची स्कॅन प्रतही त्याच वेळी मागून घ्या.