आर-१०१ च्या मागावर : लंडन, कार्डिंग्टन आणि जमलं तर बोव्हे

लंडनला जाणारे बरेच जण सायन्स म्युझियमला जातातच. माझी विनंती एवढीच, की तिथलं तिसऱ्या मजल्यावरचं विमानांचं दालन घाईत उरकू नका, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बेडफर्डची गाडी पकडा. ब्रिटननं एकाच काळात आकाशावर लावलेले दोन डाव या दोन ठिकाणी दिसतात : एक शर्यतीचं विमान, दुसरा बेडफर्डजवळच्या कार्डिंग्टनला बांधलेली आर-१०१ ही हायड्रोजनवर तरंगणारी महाकाय एअरशिप. एक जिंकला, एक अठ्ठेचाळीस माणसं घेऊन गेला.

दालनात सुपरमरीन एस-६बी हे पाण्यावरून उडणारं निळं-चंदेरी सीप्लेन आहे. १३ सप्टेंबर १९३१ रोजी याच विमानानं इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या सोलंट सामुद्रधुनीवर सीप्लेनच्या शर्यतीचा श्नायडर करंडक ब्रिटनला कायमचा मिळवून दिला. २९ तारखेला जॉर्ज स्टेनफोर्थ यांनी तेच विमान ताशी ४०७.५ मैल, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटर वेगानं उडवलं. ताशी चारशे मैल ओलांडणारा हा पहिला माणूस. जवळ जाऊन बघा. वेगळा रेडिएटर कुठेच दिसत नाही, कारण पंखांचा पत्राच रेडिएटरचं काम करतो. इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या पट्ट्या धडाच्या दोन्ही बाजूंनी मागेपर्यंत गेल्या आहेत. पेट्रोल खालच्या दोन फ्लोटमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पायांमध्ये, तेही उजव्या बाजूला जास्त, म्हणजे पंख्याच्या पिळानं विमान एका अंगाला कलणार नाही. विमानाचे रचनाकार रेजिनाल्ड मिचेल यांनी एकही जागा वाया घालवलेली नाही. सरकारनं त्या वर्षी पैसे द्यायला नकार दिला होता; लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी १ लाख पौंड दिले म्हणून ही शर्यत झाली. करंडकही तिथेच आहे.

म्युझियमला तिकीट नाही, पण वेळ ऑनलाइन आधी राखून ठेवा. दालन दुरुस्तीसाठी बंद नाही ना, तेही त्याच वेळी बघा. शाळांच्या सुट्ट्या टाळून सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर विमानाभोवती निवांत फिरता येतं.

बेडफर्डला सेंट पँक्रसहून गाडी आहे, तासाभरात पोचता. सकाळची कचेरीची गर्दी ओसरल्यावरचं तिकीट बरंच स्वस्त पडतं. बेडफर्डहून शॉर्ट्सटाउनची बस घ्या. एअरशिपच्या शेड आधीच दिसू लागतात, पण त्यांचा आकार डोळ्यांना पटत नाही. शेजारची दुमजली घरं नजरेत आली की मगच अंदाज येतो. आर-१०१ जिथे बांधली ती शेड ८१२ फूट लांब आहे आणि मूळची शेड या एअरशिपसाठीच वाढवलेली आहे. शेजारची दुसरी नॉरफकमधल्या पुलहॅमहून सोडवून आणून इथे पुन्हा उभी केली. आवार खासगी आहे, आत जाता येत नाही. रस्त्यावरूनच फोटो काढा. फोटोत एखादं घर किंवा माणूस येऊ द्या, नाहीतर घरी दाखवताना कुणाला काही कळणार नाही.

आर-१०१ पहिल्यांदा उडाली १४ ऑक्टोबर १९२९ ला, त्या वर्षीची श्नायडर शर्यत ब्रिटननं जिंकली त्यानंतर पाचेक आठवड्यांनी. पाच डिझेल इंजिनं, प्रत्येकी ५८५ अश्वशक्तीची. पाचांची मिळून जेवढी ताकद, तिच्या जवळपास जाणारी ताकद १९३१ मध्ये एस-६बीच्या एकट्या इंजिनात होती. एअरशिपचा वेग मात्र ताशी सत्तर मैलांच्या आसपास. वजन ठरल्यापेक्षा फार झालं, म्हणून एअरशिपला उचलणाऱ्या हायड्रोजनच्या पिशव्यांत जास्त वायू मावावा यासाठी त्या धरणारी जाळी सैल केली. बैलांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांनी मढवलेल्या त्या पिशव्या मग सांगाड्यावर घासू लागल्या. पुढे मधोमध कापून एक जादा पिशवी बसवली आणि लांबी ७७७ फूट झाली. या बदलानंतर पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. शेवटच्या चाचणीत एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडला होता. शर्यतीच्या विमानाचं इंजिन आधी जमिनीवर तासन् तास पळवून, मोडून, सुधारून मग उडवत. इथे तेवढी सवड कुणी दिली नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, पावसावाऱ्यात, ती इथल्या मास्टवरून, म्हणजे एअरशिप बांधून ठेवायच्या मनोऱ्यावरून, कराचीला निघाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि तिथे आर-१०१ साठी प्रचंड शेड बांधून तयार होती. हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन स्वतः आत होते. त्यांना त्याच महिन्यात इंपीरियल कॉन्फरन्ससाठी, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या परिषदेसाठी, परतायचं होतं. पहाटे दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ नाक खाली झुकलं, एअरशिप जमिनीला टेकली आणि पेटली. ५४ पैकी ६ वाचले. चौकशीचे प्रमुख होते सर जॉन सायमन, आपल्याकडे काळे झेंडे बघून गेलेले तेच सायमन. पुढच्या एखाद्या पिशवीतून वायू झपाट्यानं गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटननं एअरशिपचा नाद सोडला. दुसरी, कॅनडाला जाऊन सुखरूप परतलेली आर-१००, तीही मोडून टाकली.

शेडपासून कार्डिंग्टन गाव चालत साधारण अर्ध्या तासावर. वाटेत आडोसा नाही, वारं बोचरं असतं. टोपी आणि पावसाळी जाकीट जवळ असू द्या. सेंट मेरी चर्चमध्ये आर-१०१ चा जळका ध्वज जपून ठेवला आहे. चर्च कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या, बाहेरूनच परत फिरायची वेळ येऊ नये. दफनभूमीत ४८ जणांची एकच सामाईक कबर आहे, कारण बऱ्याच जणांची ओळखच पटली नव्हती. चौथऱ्यावर नावं कोरलेली आहेत. सावकाश सगळी वाचा. मंत्री आणि नागरी हवाई वाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांच्याबरोबरच इंजिनं सांभाळणारे, तारायंत्रावर बसणारे, वाढपी, सगळे तिथेच आहेत. त्यातले कितीतरी याच परिसरात राहणारे होते.

जेवण बेडफर्डला उरकून निघा, किंवा डबा घ्या. गावात खाण्याची सोय मोजकी आहे. परतीच्या बसची वेळ उतरतानाच टिपून ठेवा, रविवारी फेऱ्या कमी असतात. हिवाळ्यात चार वाजता अंधारतं, तेव्हा दुपारपूर्वी पोचलंच पाहिजे.

पॅरिसला जाणार असाल तर गार दु नॉरहून बोव्हेची लोकल गाडी सव्वा तासाची आहे. शहराच्या दक्षिणेला आलोन गावाजवळ मोठ्या रस्त्याच्या कडेला स्मारक आहे. तिथे गाड्या वेगानं जातात आणि पायी जाणं धोक्याचं आहे, म्हणून स्टेशनवरून टॅक्सीच करा आणि परतायला तीच थांबवून ठेवा.